ट्रॅक्टरची बॅटरी : आधी तपासणी, मग विक्री

उसाचा हंगाम सुरू झाला की पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावर करकंबच्या आसपास रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ असते. विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखान्याचे दुसरे युनिट करकंबलाच आहे, गुरसाळ्याचा विठ्ठल कारखाना जवळ आहे. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले, भीमेचे पाणी शिवारात फिरले, ऊस वाढला, द्राक्षाच्या बागा उभ्या राहिल्या. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला आणि त्याच्या मागोमाग वेल्डिंग, ट्रॉली बांधणी, टायर, डिझेल पंप आणि ऑटो इलेक्ट्रिकची दुकाने आली. या दुकानांत आपल्या समाजाचे कारागीर मोठ्या संख्येने आहेत. मोटारगाड्यांच्या दुरुस्तीच्या धंद्यात मुस्लिमांचे प्रमाण तुलनेने जास्त असल्याची नोंद सच्चर समितीनेही २००६ च्या अहवालात केली आहे.

आम्ही स्वतः याच धंद्यातले आहोत. म्हणून या पानावर आज एका साध्या वस्तूविषयी लिहावेसे वाटते. ती म्हणजे ट्रॅक्टरची बॅटरी. वस्तू साधी असली तरी शेतकऱ्याचा आपल्यावरचा विश्वास टिकतो की तुटतो, ते पुष्कळदा तिच्यावरूनच ठरते.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी ऊस वाहतूक करणारे एक गिऱ्हाईक हंगामाच्या ऐन धामधुमीत दुकानात आले. "भाई, बॅटरी बसली, नवी द्या," एवढेच ते म्हणाले. आम्ही दिली. दोन महिन्यांनी ते परत आले, तक्रार तीच. आम्ही वॉरंटीवर बॅटरी बदलून दिली. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा मात्र चेहऱ्यावर राग होता. त्या दिवशी आम्ही प्रथमच ट्रॅक्टरखाली वाकून पाहिले. बॅटरीकडून इंजिनाच्या बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी गंजून निम्मी तुटलेली होती. शे-दोनशे रुपयांची पट्टी बदलली आणि काम झाले. आधीच्या दोन्ही बॅटऱ्या चांगल्या होत्या. गिऱ्हाइकाचे दिवस गेले, कारखान्यावरचा नंबर हुकला आणि आमचे नाव खराब झाले. त्यांनी आम्हाला तोंडावर काही बोलून दाखवले नाही, पण पुढच्या हंगामात ते दुसऱ्या दुकानात गेले.

बॅटरी कोण निवडतो?

शेतकरी बॅटरी निवडतो असे आपण म्हणतो, ते फारसे खरे नाही. तो विचारतो, "कोणती टाकू?" आणि आपण सांगतो ती तो घेऊन जातो. म्हणजे निवड आपली आणि पैसा त्याचा असतो. अशा वेळी ज्या कंपनीचे कमिशन जास्त तिची बॅटरी पुढे सरकवणे, किंवा दुकानात सहा महिने पडून असलेला माल आधी खपवणे, हा मोह प्रत्येक दुकानदाराला होतो. आम्हालाही झाला आहे. माल विकताना त्याचा ऐब लपवू नये, ही शिकवण आपल्याला नवी नाही. पण बॅटरीच्या धंद्यात आणखी एक गोष्ट आहे. आपल्यालाच माहीत नसलेला ऐबही शेवटी गिऱ्हाइकाच्याच माथी बसतो. म्हणून या धंद्यात प्रामाणिकपणाच्या जोडीला माहितीही लागते.

ट्रॅक्टरला काय लागते?

आपल्याकडचे बहुतेक सगळे ट्रॅक्टर १२ व्होल्टचे आहेत. बॅटरीत सहा घरे असतात आणि प्रत्येक घर साधारण २.१ व्होल्ट देते. पूर्ण भरलेली बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली गेली म्हणजे ती जवळजवळ रिकामी समजावी.

डब्यावर ७५ अँपिअर-तास लिहिलेले असते त्याचा अर्थ पुष्कळांना नीट ठाऊक नसतो. ही बॅटरी पावणेचार अँपिअरप्रमाणे २० तास करंट देऊ शकते, असा तो अर्थ. परंतु ट्रॅक्टरच्या सेल्फला काही सेकंदांपुरता शेकडो अँपिअरचा झटका लागतो. डिझेल इंजिन दाबावर पेटते, म्हणून ते फिरवायला पेट्रोल इंजिनपेक्षा जास्त जोर लागतो. तेव्हा ट्रॅक्टरच्या बॅटरीचे पहिले काम थोड्या वेळात मोठा करंट देणे हे आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात सीसीए, म्हणजे थंडीत सेल्फ फिरवण्याचा करंट, दिलेला असेल तर तो आकडाही पाहावा.

आपल्या भागातल्या ३५ ते ५० अश्वशक्तीच्या बहुतेक ट्रॅक्टरांना कंपनीकडून ७५ किंवा ८८ अँपिअर-तासांची बॅटरी येते. बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरांना याहून लहान आणि मोठ्या ट्रॅक्टरांना याहून मोठी लागते. कंपनीने मूळ जी दिली तिच्यापेक्षा लहान बॅटरी कधीही बसवू नये. स्वस्तात काम भागवायला म्हणून कारची बॅटरी ट्रॅक्टरमध्ये बसवलेली आम्ही पाहिली आहे. थोडे दिवस ती चालते आणि मग ऐन कामात मान टाकते.

मोठी बॅटरी बसवली तर सेल्फ जळतो, अशी एक समजूत गावोगाव आहे. ती चुकीची आहे. व्होल्टेज १२ च असेल तर सेल्फ त्याला लागेल तेवढाच करंट ओढतो. मात्र मोठी बॅटरी बॅटरी-बॉक्समध्ये घट्ट बसली पाहिजे आणि रोजचा खर्च झालेला करंट डायनामोने भरून दिला पाहिजे. ट्रॉलीवर चार जादा दिवे आणि पुढे साउंड लावून मोठी बॅटरी बसवली, पण डायनामो जुनाच ठेवला, तर मोठी बॅटरीही रोज अर्धवटच भरेल आणि लवकर जाईल.

प्रकार कोणता घ्यावा?

इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. सगळ्या बॅटऱ्या बाहेरून सारख्या डब्यासारख्या दिसतात, पण आतली रचना वेगळी असते.

पहिला प्रकार पाणी टाकायची झाकणे असलेला जुना प्रकार. यात दर महिन्याला पाण्याची पातळी पाहावी लागते. पण कमी-जास्त चार्जिंग ही बॅटरी सहन करते, आणि एखादे घर कमजोर झाले तर हायड्रोमीटरने ते पकडता येते. जुना डायनामो आणि जुने कटआऊट असलेल्या ट्रॅक्टरला आम्ही हीच सुचवतो. रोज ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरलाही हीच बरी, कारण तिथे तपासणी करायला वाव राहतो.

दुसरा प्रकार मेंटेनन्स फ्री, म्हणजे कॅल्शियमच्या प्लेटांचा. तिला पाणी कमी लागते आणि नुसती उभी राहिली तरी ती हळूहळू उतरते. ज्याचा ट्रॅक्टर पेरणीनंतर महिना-महिना उभा असतो त्याला ही सोयीची आहे. मात्र तिला भरायला चार्जिंगचे व्होल्टेज थोडे चढे आणि नियमित लागते. जुना डायनामो १३.५ च्या पुढे जात नसेल तर ही बॅटरी कायम उपाशी राहील. तेव्हा नवी वस्तू महाग आहे म्हणून ती चांगलीच, असे समजू नये.

तिसरा प्रकार ट्यूब्युलर, म्हणजे इन्व्हर्टरची. तिच्या प्लेटा जाड असतात. घरातले पंखे-दिवे तासन् तास चालवायला ती उत्तम, पण सेल्फला लागणारा झटका देणे हे तिचे काम नाही. आकडा १५० अँपिअर-तासांचा असला तरी ट्रॅक्टरच्या कामाला ती चुकीची आहे. याच्या उलटही होते. लोडशेडिंगच्या दिवसांत ट्रॅक्टरची बॅटरी काढून घरच्या इन्व्हर्टरला लावतात. तिच्या पातळ प्लेटा वारंवार पूर्ण उतरणे सहन करत नाहीत आणि थोड्याच दिवसांत ती बॅटरी दोन्हीकडून जाते. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगितले पाहिजे.

लिथियमच्या बॅटऱ्यांविषयीही आता विचारणा होते. इलेक्ट्रिक रिक्षात आणि स्कूटरमध्ये त्यांनी जागा मिळवली आहे. पण डिझेल ट्रॅक्टरची चार्जिंग यंत्रणा शिशाच्या बॅटरीसाठी बनवलेली आहे. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी शोधलेली शिसे-तेजाबाची बॅटरी आजही या कामाला स्वस्त आणि भरवशाची आहे.

प्रकार ठरल्यावर तीन गोष्टी आणखी पाहाव्यात. टर्मिनल कोणत्या बाजूला आहेत ते पाहावे. बॅटरीच्या क्रमांकाच्या शेवटी असणारे एल किंवा आर हे अक्षर तेच सांगते. उलट बाजूची बॅटरी घेतली तर केबल ताणून बसवावी लागते आणि हिसक्याने ती पत्र्याला घासते. दुसरे म्हणजे डब्याची लांबी, रुंदी, उंची. तिसरे म्हणजे वर आवळायची पट्टी. उसाच्या फडातून आणि चाकोरीतून जाताना ट्रॅक्टर जे हादरे खातो त्याने आतल्या प्लेटांचा मसाला गळतो. सैल बॅटरी दोन वर्षांची एका वर्षात संपते. तरी पट्टी हरवली म्हणून सुतळीने बांधलेल्या बॅटऱ्या आपल्या रस्त्यावर रोज दिसतात.

विकण्याआधीची दहा मिनिटे

आमच्या दुकानात आता एक नियम आहे. मीटर लावल्याशिवाय नवी बॅटरी द्यायची नाही. त्याला दहा मिनिटे लागतात. शागीर्द मुलांनाही आम्ही पहिल्या महिन्यात हेच शिकवतो.

आधी टर्मिनल पाहावे. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्याने धुऊन घासून घ्यावी, आवळून व्हॅसलिन लावावे. कितीतरी 'बसलेल्या' बॅटऱ्या एवढ्यानेच उठतात.

मग इंजिन बंद ठेवून बॅटरीचे व्होल्टेज घ्यावे. ट्रॅक्टर आत्ताच बंद केला असेल तर दिवे दोन मिनिटे लावून, विझवून मग मोजावे, नाहीतर मीटर फसवा आकडा दाखवतो.

झाकणे उघडत असतील तर सहाही घरांत हायड्रोमीटर बुडवावा. भरलेल्या बॅटरीत आपल्या हवामानात १.२४० ते १.२६० च्या आसपास आकडा येतो. पाच घरे सारखी आणि एकच घर ५० अंकांनी मागे असेल तर ती बॅटरी खरोखर गेली. सहाही सारखीच खाली असतील तर ती फक्त उतरलेली आहे. तिला चार्जिंगला लावून पुन्हा पाहावे.

नंतर सेल्फ मारताना व्होल्टेज पाहावे. भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरीवर किंवा सेल्फवर संशय घ्यावा. व्होल्टेज १२ च्या आसपासच राहते आणि सेल्फ नुसता टक करतो, तेव्हा दोष बहुधा केबलचा किंवा सोलेनॉइडचा असतो. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनाच्या बॉडीला लावून सेल्फ मारावा. अर्धा व्होल्ट दाखवला तर अर्थिंग खराब आहे. आमच्या हातून त्या गिऱ्हाइकाचे नुकसान झाले ते हे एक मोजमाप न घेतल्यामुळे.

शेवटी इंजिन चालू करून मध्यम रेसवर चार्जिंग पाहावे. १३.८ ते १४.४ व्होल्ट ठीक. १३ च्या आसपास अडकले तर बेल्ट, डायनामो किंवा वायरिंग पाहावे. १५ च्या वर जात असेल तर कटआऊट खराब आहे. अशा ट्रॅक्टरला नवी बॅटरी बसवली तर ती पाणी उकळून महिन्या-दोन महिन्यांत मरेल.

नंतरची निगा

सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो. बॅटरीला थंडीपेक्षा उष्णता जास्त मारते. तापमान १० अंशांनी वाढले की आतली झीज साधारण दुप्पट होते. म्हणून एप्रिल-मेमध्ये ट्रॅक्टर सावलीत उभा करावा आणि पाणी वरचेवर पाहावे. पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. बोअरचे किंवा कालव्याचे पाणी टाकू नये, त्यातले क्षार प्लेटांवर बसतात. पाणी कमी झाले म्हणून अ‍ॅसिड टाकणे हा आपल्याच काही कारागिरांचा वाईट उद्योग आहे. बॅटरी दोन दिवस उसळी मारते आणि मग प्लेटा खाल्ल्या जातात. हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर निगेटिव्ह केबल काढून ठेवावी आणि महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण चार्ज करावी. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेली बॅटरी कडक होते आणि पुन्हा भरत नाही.

सावधगिरीही सांगितली पाहिजे. चार्जिंगच्या वेळी निघणारा वायू ठिणगीने पेट घेतो, तेव्हा जवळ बिडी-काडी नको. काढताना निगेटिव्ह आधी आणि लावताना निगेटिव्ह शेवटी. दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टचा झटका देण्याची सवय आता तरी सोडावी. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. एका चुकीच्या झटक्याने जे जळेल त्याची किंमत बॅटरीच्या कित्येक पट असेल.

जुन्या बॅटरीचे काय?

जुनी बॅटरी आपण वजनावर जमा घेतो. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे असतो, म्हणून तिला भाव येतो. काही ठिकाणी घरामागे बॅटऱ्या फोडून, तेजाब मातीत ओतून शिसे वितळवले जाते. हे काम करणारे हातही पुष्कळदा आपल्याच मोहल्ल्यातले असतात. सेनेगलची राजधानी डकारजवळच्या थियारोय-सूर-मेर या वस्तीत २००७-०८ साली काही महिन्यांत १८ मुले शिशाच्या विषाने दगावली. तिथे जुन्या बॅटऱ्यांतले शिसे घराच्या आवारात काढले जात होते. शिशाचे असे कोणतेही प्रमाण नाही जे मुलांना सुरक्षित म्हणता येईल, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्या देशात २००१ च्या नियमांच्या जागी २०२२ साली बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले. त्यांनुसार जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत मार्गानेच पुनर्वापराला गेल्या पाहिजेत आणि त्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवरही आहे. तेव्हा जुना माल कंपनीच्या वितरकाकडे किंवा नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याकडेच द्यावा आणि पावती ठेवावी. किलोमागे दोन-चार रुपये जास्त मिळतात म्हणून आपल्या मुलांच्या अंगणात विष ओतण्यात कसली बरकत?

मग आम्ही खायचे काय?

आमचे काही दोस्त विचारतात, "पट्टी बदलून गिऱ्हाईक परत पाठवले तर बॅटरी कधी विकायची?" प्रश्न खरा आहे. दुकानाचे भाडे, मुलांची फी, शागिर्दाचा पगार यातूनच काढायचा असतो. आमचे उत्तर असे आहे की, तपासणीची मजुरी उघडपणे घ्यावी. दुकानात पाटी लावावी आणि रक्कम लिहावी. बॅटरी आपल्याकडूनच घेतली तर ती वजा करावी. डॉक्टर तपासायचे पैसे घेतो, त्यात कोणाला गैर वाटत नाही. आपण मात्र कसब फुकट वाटतो आणि त्याची भरपाई मालाच्या नफ्यातून करू पाहतो. गरज नसताना माल विकायची सवय तिथूनच लागते.

दुसरी गोष्ट स्पर्धेची. आज बॅटरी फोनवर मागवता येते आणि दोन दिवसांत घरी येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. भाव आता सगळ्यांना फोनवर दिसतात आणि नुसत्या भावात आपण मोठ्या व्यापाऱ्याला पुरे पडणार नाही. पण फोनवरून बॅटरी विकणारा ट्रॅक्टरखाली वाकून अर्थिंगची पट्टी पाहू शकत नाही, रात्री दोनला भोसे पाटीवर अडकलेल्या ट्रॉलीजवळ येऊ शकत नाही. ते काम आपले आहे. बिल पक्के द्यावे, वॉरंटी कार्डावर तारीख आणि क्रमांक आपल्या हाताने लिहावा, दुरुस्त केलेली बॅटरी असेल तर ती दुरुस्त केलेली आहे असे सांगूनच विकावी. आणि दुकानात आलेला माल आधीचा आधी काढावा, पडून असलेला चार्ज करूनच द्यावा.

सोडून गेलेले ते गिऱ्हाईक तीन वर्षांनी परत आले. या वेळी ते म्हणाले, "भाई, आधी मीटर लावा." आम्ही लावला. बॅटरी खरोखरच गेली होती, दोन घरे मेली होती. आम्ही ८८ ची नवी बसवली, पट्टी आवळली, चार्जिंग मोजून कार्डावर लिहिले. त्यांनी भाव केला नाही. तपासणीची मजुरी आम्ही बिलातून वजा केली, ती मात्र त्यांनी परत काउंटरवर ठेवली आणि शागिर्दाकडे बोट दाखवून म्हणाले, "ही या पोराला द्या."